मेंदूला मानवेल असा इम्प्लांट

ओकव्हिलहून गो ट्रेनने निघालेला प्रवासी साधारण तासाभरात टोरँटो वेस्टर्न रुग्णालयात पोहोचतो. याच रुग्णालयात २०२५ मध्ये डॉ. आन्द्रेस लोझानो यांच्या पथकाने मानेतील मज्जारज्जूला इजा झालेल्या दोन रुग्णांच्या मेंदूत न्यूरालिंकचे इम्प्लांट बसवले. त्याचे इलेक्ट्रोड केसाहून बारीक, लवचीक धाग्यांवर असतात. ही लवचीकता कशासाठी?

मेंदूत विद्युत उपकरण बसवणे नवे नाही. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद यांनी ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ या आधुनिक उपचाराचा पाया घातला. त्यात सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूत खोलवर उतरवतात आणि तिला छातीतील बॅटरीतून सूक्ष्म विद्युतस्पंद पुरवतात. पार्किन्सनचा कंप त्याने आटोक्यात येतो. मूळ आजार मात्र थांबत नाही.

मेंदू खरवसासारखा मऊ असतो आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर किंचित हलतो. धातू किंवा सिलिकॉन चिप त्याहून लक्षावधी पट ताठर असते. या विसंगतीमुळे इलेक्ट्रोडभोवती व्रणासारखे आवरण तयार होते आणि पेशींचे सूक्ष्म संदेश टिपणे कालांतराने कठीण होते. यावर उपाय म्हणून स्वित्झर्लंडमधील लोझान येथे स्टेफनी लाकूर आणि ग्रेगोआर कूर्तीन यांच्या गटांनी २०१५ मध्ये ‘ई-ड्युरा’ ही ताणली जाणारी रबरी सिलिकोनची पट्टी मांडली. मज्जारज्जूवर बसवलेल्या या पट्टीतून वीज व औषध दिल्यावर पक्षाघात झालेले उंदीर पुन्हा पावले टाकू लागले.

तथापि, मऊपणाचीही किंमत असते. मऊ धागा स्वतःहून मेंदूत शिरत नाही. त्यासाठी सुई व यंत्रमानव लागतो. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंकचे इम्प्लांट बसवलेल्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूतून बरेच धागे नंतर मागे सरकले होते. शरीरातील ओलाव्यात पातळ आवरण वर्षानुवर्षे टिकवणे हेही आव्हानच आहे.

त्यामुळे ज्यांचे आई-वडील पुण्या-नाशकात पार्किन्सनशी झुंजत आहेत, त्यांनी भविष्यातील मऊ इम्प्लांटची वाट पाहत आजचा उपचार लांबवू नये. डीप ब्रेन स्टिम्युलेशन मुंबईतही उपलब्ध आहे. लेव्होडोपा या औषधाला शरीर चांगला प्रतिसाद देत असतानाच त्याचा लाभ सर्वाधिक होतो. मेंदूविकारतज्ज्ञांशी ही चर्चा वेळीच व्हायला हवी.