रीस्टार्ट करताच अ‍ॅप गायब? टायनी कोअर लिनक्समध्ये हे करा

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅमिंग्टन रोडवरून कधीकाळी घेतलेला पीसी भंगारात काढण्याआधी त्यावर हलकं लिनक्स चालवून पाहता येतं. टायनी कोअर त्यातलं अगदी छोटं. डेस्कटॉपसह जेमतेम २३ एमबी! पण ब्राउझर टाकला, पीसी रीस्टार्ट केला की ब्राउझर गायब.

हा बिघाड नाही. ही सिस्टीम रॅममध्ये चालते आणि पीसी बंद झाला की रॅम रिकामी होते. त्यामुळे अ‍ॅप साठवायला हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर 'टीसीई' फोल्डर लागतं. माउंट टूलमधून ड्राइव्ह जोडा, टर्मिनलमध्ये 'टीसीई-सेटड्राइव्ह' ही कमांड इंग्रजीत द्या आणि तो ड्राइव्ह निवडा. मग 'अ‍ॅप्स'मधून इन्स्टॉल करताना 'ऑनबूट' पर्याय घ्या. दर वेळी बूट होताना अ‍ॅप आपोआप लोड होईल.

सेटिंग्ज आणि बुकमार्कचं गणित वेगळं. ते टिकवायला बंद करताना 'बॅकअप' निवडा. त्यात 'होम' फोल्डर जातं, म्हणून सिनेमे तिथे ठेवू नका. बॅकअप फुगतो आणि बूट रखडतं. बॅकअपआधीच वीज गेली, तर त्या दिवसाचे बदल गेले. डाउनलोड केलेली अ‍ॅप मात्र ड्राइव्हवर सुरक्षित राहतात.