‘थेट प्रक्षेपण’ किती थेट?

जुन्या दूरदर्शनचा विषय निघाला की प्रश्नमंजूषांची आठवण निघतेच. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. साबिरा मर्चंट यांचा ‘व्हॉट्स द गुड वर्ड’ हा शब्दखेळ त्याच केंद्राचा. पुढे १९८५ साली राष्ट्रीय कार्यक्रमात सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ आला. धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, आमच्या पिढीने असे कार्यक्रम पाहिले ते एकाला अँटेना फिरवायला छपरावर चढवून. खालून विचारणा होई, “आलं का?” आणि उत्तर येई, “नाही, मुंग्याच!”

“तेव्हाची मजा आता नाही,” असे आपण म्हणतो. ही हळहळ नुसती वयाची आहे, की तिला काही भौतिक आधारही आहे? आधार आहे, आणि तो विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याजोगा आहे.

चित्र इथवर कसे पोचले?

दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, पृथ्वी मात्र वक्र आहे. मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणले, की क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. १५० मीटरच्या मनोऱ्यासाठी हे अंतर सुमारे ४४ किलोमीटर येते. मुंबई ते धाराशिव हे सरळ अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. जमीन सारखी सपाट धरली, तर इथवर दिसण्यासाठी मुंबईत साडेनऊ हजार मीटरचा मनोरा लागेल, म्हणजे एव्हरेस्टहूनही उंच!

शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्यातील काही गावांनी १९७५-७६ मध्येच ‘साइट’ प्रयोगात अमेरिकेच्या उपग्रहावरून चित्रे पाहिली होती. आपल्याकडे खरा फरक पडला तो ३० ऑगस्ट १९८३ रोजी सोडलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहामुळे. उपग्रहाकडून आलेले चित्र घ्यायचे आणि आसपास पसरवायचे, अशी पुनःप्रक्षेपण केंद्रे मग गावोगावी उभी राहिली. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. दिल्लीहून वर आणि तेथून खाली हा प्रवास सुमारे ७३,००० किलोमीटरचा होतो. सेकंदाला तीन लाख किलोमीटर या वेगाने त्याला जेमतेम पाव सेकंद लागे.

वाटेत साठवण नाही

याहून महत्त्वाची गोष्ट घरातल्या संचात होती. तेव्हाचे चित्र म्हणजे ६२५ ओळी, सेकंदाला २५ वेळा. स्टुडिओतला कॅमेरा दृश्य ओळीओळीने वाचत जाई आणि घरच्या चित्रनळीतला इलेक्ट्रॉनांचा झोत त्याच क्रमाने, त्याच तालात पडदा रंगवीत जाई. ताल चुकू नये म्हणून संकेतातच समकालिक स्पंद मिसळलेले असत. संपूर्ण चित्र साठवण्याची सोय संचात नव्हती. रंगीत संचात स्मृती असे ती फक्त एका ओळीची. विद्युतसंकेताचे ध्वनितरंगांत रूपांतर करून तो काचेच्या एका तुकड्यातून धाडीत आणि ६४ मायक्रोसेकंद रोखून धरीत.

म्हणून थेट कार्यक्रमात स्पर्धक अडखळला, की तो जवळजवळ त्याच क्षणी हजारो घरांत अडखळे. सुरुवातीच्या काळात मुद्रणाची साधने अपुरी होती, त्यामुळे स्टुडिओतले पुष्कळ कार्यक्रम थेटच होत. नंतर मुद्रित कार्यक्रम वाढले, तरी तेही सर्व घरांत एकाच वेळी पोचत.

मग आता उशीर का?

अंकीय प्रक्षेपणात चित्र आधी साठवले जाते. मागच्या-पुढच्या चित्रांशी ताडून, जेवढे बदलले तेवढेच पाठवले जाते. पुढच्या चित्राशी तुलना करायची, तर ते येईपर्यंत थांबणे आलेच. ग्राहकपेटी पुन्हा साठवते, उलगडते आणि मग दाखवते. यात काही सेकंद जातात, इंटरनेटवर त्याहूनही अधिक. प्रत्येक सेवेचा उशीर वेगळा असतो, म्हणून क्रिकेटच्या सामन्यात शेजारच्या घरातली आरोळी आपल्या पडद्यावरच्या षटकाराआधी ऐकू येते.

वर्गात करून पाहा

दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाकडे दहा बाय दहा चौकोनांत भरलेले अक्षर द्या, दुसऱ्याकडे कोरे चौकोन. पहिल्या फेरीत एकेक चौकोन “काळा”, “पांढरा” असे वाचायचे आणि दुसऱ्याने लगेच भरायचे. दुसऱ्या फेरीत आधी पूर्ण ओळ पाहायची आणि मग “चार पांढरे, दोन काळे, चार पांढरे” किंवा “वरच्यासारखीच” असे सांगायचे. दोन्ही फेऱ्यांत किती शब्द लागले ते मोजा. दुसऱ्या फेरीत शब्द वाचतात, पण ऐकणाऱ्याची पेन्सिल थांबून राहते. शिवाय एक शब्द चुकला, तर पहिल्या फेरीत एकच चौकोन बिघडतो, दुसरीत ओळीच्या ओळी. जुन्या चित्रात मुंग्या येत आणि आजचे चित्र ठोकळे होऊन गोठते, त्यामागे हेच कारण आहे.

शाळेने काय घ्यावे?

थेट असले म्हणजे खरे असते, असे मात्र नाही. अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ ही प्रश्नमंजूषा थेट दाखवली जाई. तिचा लोकप्रिय विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन याने नोव्हेंबर १९५९ मध्ये संसदीय समितीपुढे कबूल केले, की उत्तरे त्याला आधीच मिळत होती. आपल्या शालेय स्पर्धांतही ठरावीक प्रश्नसंच पाठ करून घेतला, तर वेगळे काय होते?

दुसरा धोका घाईचा. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक. त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणे मुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत. ते तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा उत्तरे लांबली, गप्प राहणारी मुले बोलू लागली आणि मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. घंटी आधी दाबणाऱ्याला गुण देणारी स्पर्धा नेमके हे तीन सेकंद काढून घेते.

जुन्या प्रश्नमंजूषेतली घेण्याजोगी गोष्ट आहे ती सर्वांनी एकाच क्षणी त्याच प्रश्नाशी झुंजण्याची. त्यासाठी घंटी लागत नाही. प्रश्न विचारा, मनात तीन मोजा, प्रत्येकाला पाटीवर उत्तर लिहू द्या आणि सर्व पाट्या एकदम वर करायला सांगा. चुकलेल्या पाट्यांवरचे तर्क आधी ऐका. पुढचा धडा कुठून सुरू करायचा, ते त्यातूनच कळेल.