निळा थेंब, पिवळा थेंब

रक्तगट तपासताना काचपट्टीवर रक्ताच्या एका थेंबात निळं अँटी-ए मिसळतात, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी. पट्टी हलकेच डोलवली की थोड्याच वेळात थेंबात लाल रवा धरतो. मला हे दृश्य फार सुंदर वाटतं! हे रक्त गोठणं नव्हे. तांबड्या पेशींवरचं प्रतिजन आणि द्रवातली प्रतिपिंडं एकमेकांना धरतात. आयजीएम प्रतिपिंडाला तर पकडीच्या 10 जागा असतात, त्यामुळे एकच रेणू अनेक पेशी जोडतो आणि न दिसणारी ही जोडी साध्या डोळ्यांना दिसते. लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये अशाच गुठळ्यांवरून रक्तगट ओळखले.

दोन्ही थेंब एकसंध राहिले, म्हणजे ‘ओ’? थांबा. 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. या लोकांच्या पेशी ‘ओ’सारख्या दिसतात, पण त्यांच्यावर एच प्रतिजनच नसतं आणि त्यांचं सीरम ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या करतं. त्यांना ‘ओ’ रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच सीरम घेऊन, त्यात गट माहीत असलेल्या पेशी मिसळून केलेली उलट तपासणी मला तितकीच मोलाची वाटते. त्यात ‘ओ’ पेशी मात्र हव्यातच.