सत्तावन्न किलोंची काल्पनिक कुस्ती

उत्तर दिल्लीतील छत्रसाल स्टेडियमच्या अखाड्यात घडलेल्या दोन मल्लांनी लागोपाठच्या दोन ऑलिंपिकमध्ये एकाच वजनगटात पदके मिळवली. सोनिपत जिल्ह्यातील नाहरी गावच्या रवी दहियाने टोकियोत २०२१ साली रौप्य आणि झज्जर जिल्ह्यातील बिरोहरच्या अमन सहरावतने पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्य जिंकले. दोन्ही जिल्हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. गट होता फ्रीस्टाइल ५७ किलो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, तोही ५७ किलोंचाच गट. त्यामुळे हे तिघे आपापल्या ऐन उमेदीत एकमेकांसमोर उभे राहिले असते तर कोण जिंकले असते, हा प्रश्न निदान कागदावर तरी रास्त ठरतो. वजन सारखे, खेळ तोच, देश एकच.

असा प्रश्न जगात सर्वाधिक चघळला गेला तो हेवीवेट मुष्टियुद्धात. मायामीच्या मरे वोरोनर या निर्मात्याने १९६७ साली निरनिराळ्या काळांतील हेवीवेट विजेत्यांची संगणकावरची स्पर्धा रेडिओवरून ऐकवली. वेग, ठोशाची ताकद, मार सोसण्याची क्षमता अशा अनेक बाबींवर जाणकारांनी दिलेले अंदाज यंत्रात भरले होते. अंतिम लढतीत रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवले. मुहंमद अली मात्र जिम जेफ्रीजकडून हरल्याचे जाहीर झाले आणि तो संतापून कोर्टात गेला. पुढे १९६९ साली अली आणि निवृत्त मार्सियानो यांना रिंगणात उतरवून लढतीचे चित्रीकरण झाले, शेवट अनेक प्रकारे टिपले गेले. १९७० च्या जानेवारीत अमेरिकेत पडद्यावर आलेल्या प्रतीत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकतो, युरोपात दाखवलेल्या प्रतीत अली जिंकतो. प्रेक्षक बदलला की निकाल बदलतो, अशा गणनेला विज्ञान म्हणणे अवघड आहे. यंत्राने केलेली आकडेमोड बिनचूक असेलही. आत भरलेले आकडे मात्र माणसांची मतेच होती.

हेवीवेटमध्ये आणखी एक अडचण आहे. त्या गटाला वरची मर्यादा नाही. मार्सियानो सुमारे ८५ किलोंचा होता. आजचे आघाडीचे हेवीवेट ११० ते १२० किलोंच्या घरात असतात. शिवाय मुष्टियुद्धात सरळ साखळी लागत नाही. १९७१ साली फ्रेझरने अलीला हरवले, १९७३ साली फोरमनने फ्रेझरला दुसऱ्याच फेरीत लोळवले. या हिशेबाने फोरमनपुढे अलीचा निभाव लागायला नको होता. १९७४ साली किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत बाद केले. ‘अ’ हा ‘ब’ला भारी, ‘ब’ हा ‘क’ला भारी, म्हणून ‘अ’ हा ‘क’ला भारी, हा नियम वजनकाट्यावर चालतो, लढतीत चालेलच असे नाही. कोणाची शैली कोणाला अडचणीची ठरते यावर बरेच अवलंबून असते.

५७ किलोंच्या गटात आकाराचा प्रश्न सुटलेला वाटतो, पण तोही वरवरच. हेलसिंकीत फ्रीस्टाइलचे आठ गट होते: ५२, ५७, ६२, ६७, ७३, ७९, ८७ आणि त्यावरचा. आता ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे सहाच गट उरले आहेत आणि ५७ हा सर्वांत हलका. त्याच्यावरचा गट एकदम ६५ चा. त्यामुळे मुळात साठ-बासष्ट किलोंचा असलेला मल्ल आज वजन उतरवून ५७ मध्ये येतो. पॅरिसमध्ये उपांत्य फेरीनंतर अमनचे वजन ६१.५ किलो भरले आणि दुसऱ्या सकाळच्या वजनापर्यंत, सुमारे दहा तासांत, त्याने ४.६ किलो उतरवले, अशी बातमी तेव्हा सर्वत्र आली होती. म्हणजे शरीराच्या वजनाचा साडेसात टक्के भाग.

इतक्या झपाट्याने उतरते ते मुख्यतः पाणी. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के इतके पाणी घटले तरी दमसास कमी होऊ लागतो: रक्तातील द्रवभाग आटतो, हृदयाला जास्त वेळा धडधडावे लागते, घामावाटे उष्णता बाहेर टाकणे जड जाते. वजन झाल्यावर मल्ल पाणी, क्षार आणि कर्बोदके घेऊन भरपाई करतो, पण हाती तासच मोजके असतात. नेम किती बारीक असतो ते पॅरिसमध्येच विनेश फोगटला बाद करणाऱ्या जास्तीच्या १०० ग्रॅमनी दाखवले. पुढे २०२५ च्या जागतिक स्पर्धेत झाग्रेबला खुद्द अमन १.७ किलो जास्त भरल्याने बाद झाला.

यातून एक गमतीशीर गोष्ट निघते. साडेएकसष्ट किलोंचा मल्ल १९५२ साली ६२ च्या गटात सहज बसला असता. शरीराच्या मापाने अमनची खरी गाठ खाशाबांशी नव्हे, तर त्याच हेलसिंकीत ६२ किलो गटात चौथे आलेल्या केशव माणगावे यांच्याशी पडायला हवी. उलट खाशाबा १९४८ साली लंडनला ५२ किलोंच्या गटात खेळून सहावे आले होते आणि चार वर्षांनी वरच्या गटात गेले. त्यांचे ५७ आणि आजचे ५७ या दोन वेगळ्या अंगलटी आहेत.

यानंतर घड्याळ. हेलसिंकीत लढत पंधरा मिनिटांची असे. आज तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. खाशाबांनी कॅनडाच्या पोलिक्वनला चितपट केले ते १४ मिनिटे २५ सेकंदांनी, मेक्सिकोच्या बासुर्तोला ५ मिनिटे २० सेकंदांत. आजच्या नियमांत पहिली लढत आठ मिनिटांहून जास्त आधी संपली असती आणि निकाल तोवरच्या गुणांवर लागला असता. स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनचा साठा जेमतेम दहा सेकंदांच्या जोरकस झटापटीला पुरतो. त्यापुढची काही मिनिटे ग्लुकोजचे प्राणवायूविना विघटन होऊन शक्ती मिळते आणि स्नायू जळजळू लागतात. लढत जसजशी लांबते तसतसा भार फुप्फुसे आणि हृदयावर येतो. सहा मिनिटांचा मल्ल स्फोटक चढायांसाठी तयार केला जातो, पंधरा मिनिटांचा तग धरून प्रतिस्पर्ध्याला दमवण्यासाठी. कोल्हापूरच्या तालमीतली जुनी निकाली कुस्ती तर चितपट होईपर्यंत चालायची. ती दमसासाचीच परीक्षा होती.

मातीत गुणही नसत. पाठ लागली की निकाल. आजच्या मॅटवर पट काढून ताबा मिळवला की दोन गुण, प्रतिस्पर्ध्याची पाठ मॅटकडे वळवली की दोन, आणि आघाडी दहाची झाली की लढत तिथेच संपते. दिल्ली-हरियाणातले मल्ल ज्याला फितले म्हणतात, तो पायांना अढी घालून गडी पुन्हा पुन्हा लोळवण्याचा डाव या नियमांत भयंकर ठरतो. टोकियोच्या उपांत्य लढतीत कझाकस्तानच्या सानायेवने तोच टाकून रवीला २–९ असे मागे ढकलले होते. आणखी तीन गुण गेले असते तर खेळ खलास होता. सानायेवने दंडाला घेतलेला चावा सोसत रवी उलटला आणि त्याने सानायेवला चितपट केले. गुणफलकावर हरत असलेला मल्ल सर्वांत जुन्या नियमाने जिंकला. मातीत, हेलसिंकीत आणि टोकियोत न बदललेली हीच एक तरतूद. ढाक टाकून गडी सरळ पाठीवर आणणाऱ्या खाशाबांना आजही संधी मिळाली असती, ती याच वाटेने.

हेलसिंकीची स्पर्धापद्धतही वेगळी होती. हरल्यास तीन दोषांक, गुणांवर जिंकल्यास एक, चितपट केल्यास शून्य; पाच दोषांक झाले की मल्ल बाहेर. शेवटी उरलेले तिघे आपसांत लढत. त्या तिघांत खाशाबा जपानच्या इशीकडून आणि सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवकडून हरले. इशीशी झालेल्या प्रदीर्घ झुंजीनंतर त्यांना लगेच पुढच्या लढतीला उतरवले गेले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारताचा अधिकारी तिथे हजर नव्हता. असा घटक कोणत्या संगणकात कसा भरायचा?

बुद्धिबळातून आलेली एलो पद्धत लढतींच्या निकालांवरून मानांकन काढते, पण ते मानांकन ज्या मंडळींत खेळाडू खेळला त्यांच्यापुरतेच खरे असते. दोन काळांना जोडणाऱ्या लढतींची साखळी लागली तरच आकडे जुळवता येतात. १९५२ पासून २०२१ पर्यंत अशा साखळीला मल्लांच्या अनेक पिढ्या लागतात आणि प्रत्येक कडीत चूक साचत जाते. म्हणून जास्त विश्वासार्ह तुलना म्हणजे समकालीनांपासूनचे अंतर. त्या मोजमापाने रवी वरचढ दिसतो: अंतिम फेरीत तो उगुएवकडून ४–७ असा, म्हणजे जगातल्या अव्वल मल्लाकडून तीन गुणांनी हरला. अमन उपांत्य फेरीत हिगुचीकडून ०–१० ने गेला आणि मग दार्यान क्रूझला १३–५ ने हरवून दोन कांस्यांपैकी एक घेऊन आला. खाशाबांच्या वेळी कांस्य एकच होते.

मल्ल कोणता घ्यायचा हेही आधी ठरवावे लागते. १९५२ चे खाशाबा जसेच्या तसे छत्रसालच्या मॅटवर आणले तर आजच्या नियमांत रवी त्यांना पहिल्या भागातच गुणांवर मागे टाकील, असे मानायला हरकत नाही. लंडनला जाईपर्यंत मॅटची सवय नसलेला आणि हेलसिंकीच्या खर्चासाठी ज्याच्या प्राचार्यांना घर गहाण ठेवावे लागले, असा तो मल्ल. रवी दहा वर्षांचा असल्यापासून प्रशिक्षक सतपाल यांच्या हाताखाली मॅटवर घडलेला. रवीला हेलसिंकीला नेले, काट्यावर पाणी न आटवता उभे केले आणि पंधरा मिनिटे लढवले, तर मात्र दहाव्या मिनिटानंतर पारडे खाशाबांकडे झुकू शकते. तिथेही उत्तर शक्यतेतच द्यावे लागेल. शंभरातल्या साठ लढती जिंकू शकणारा मल्ल एखादी लढत हरण्याची शक्यता चाळीस टक्के असते, आणि तीनपैकी दोन जिंकण्याची अट घातली तरी ती पस्तीस टक्क्यांच्या खाली येत नाही.

तिघांपैकी प्रत्यक्ष गाठ पडली ती रवी आणि अमन यांचीच. २०२४ च्या मार्चमध्ये सोनिपतला झालेल्या निवड चाचणीत अमनने रवीला अटीतटीच्या लढतीत हरवले. रवी तेव्हा गुडघ्याच्या दुखापतीतून नुकताच परतला होता, त्यामुळे टोकियोतला रवी असता तर काय झाले असते, हा वाद याच पिढीत सुरू झाला आहे.