गिधाडांचे भवितव्य अंड्यांपेक्षा प्रौढांच्या जगण्यावर

एखाद्या प्राण्याची संख्या पुढील काळात वाढेल की घटेल, हे एका वर्षाच्या गणनेवरून कळत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञ जीवनसारणीचा आधार घेतात. प्रत्येक वयोगटातील किती प्राणी वर्षभर तग धरतात आणि किती पिल्ले जन्माला येतात, याची ती नोंद असते. या नोंदींवरून भावी संख्या काढण्याची गणिती रीत पॅट्रिक लेस्ली यांनी १९४५ मध्ये मांडली.

भारतातील गिधाडांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. प्रजननाचा हा संथ वेग दीर्घ आयुष्यामुळेच परवडतो.

समजा, १०० प्रौढ गिधाडांच्या ५० जोड्या आहेत. त्यांची ३० पिल्ले घरट्यातून उडाली आणि त्यांपैकी १० प्रौढ झाली, असे मानू. दरवर्षी ९० टक्के प्रौढ जगत असतील, तर दहांचा मृत्यू आणि दहांची भर यामुळे संख्या स्थिर राहील. हे प्रमाण ९५ टक्के झाल्यास संख्या वाढू लागेल. मात्र ते ५० टक्क्यांवर घसरले, तर ५० पक्षी दगावतील. सर्व ५० अंड्यांतील पिल्ले प्रौढ झाली तरच ही तूट भरेल आणि निसर्गात असे घडत नाही.

आयुर्मानाचा हिशेबही हेच सांगतो. वार्षिक मृत्यूदर ५ टक्के असल्यास प्रौढ पक्ष्याला सरासरी २० वर्षे मिळतात. तो ५० टक्के झाल्यास अवघी दोन. म्हणजेच अंडी घालण्याच्या संधीही वीसवरून दोनवर येतात.

प्रत्यक्षात असेच घडले. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मृतदेहात राहून गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे २००४ मध्ये स्पष्ट झाले. एक टक्क्याहूनही कमी मृतदेहांत घातक मात्रा असली, तरी एवढी घट होऊ शकते, असे गणिती प्रारूपांनी दाखवले. कारण अनेक गिधाडे एकाच मृतदेहावर तुटून पडतात. संख्या दरवर्षी ४० टक्क्यांनी घटल्यास पाच वर्षांत शंभरांपैकी केवळ आठच उरतात. भारताने २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे.

हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे संवर्धन प्रजनन केले जाते. तेथील पक्षी महाराष्ट्रात ताडोबा व पेंच येथेही आणण्यात आले. निसर्गात सोडलेल्या अशा पक्ष्यांवर उपग्रह टॅगद्वारे लक्ष ठेवले जाते, कारण किती पक्षी सोडले यापेक्षा त्यांपैकी किती वर्षअखेर जिवंत राहिले, हा आकडा निर्णायक असतो. मृत जनावरे विषमुक्त नसतील, तर प्रजनन केंद्रांतून होणारी भर ही तूट भरून काढू शकणार नाही.