उतरत्या छपरासाठी स्लेट: नैसर्गिक की कृत्रिम?

शाळेतील पाटी ज्या दगडाची बनत असे, त्याच स्लेटने वायव्य वेल्समधील घरांची उतरती छपरे पिढ्यान्‌पिढ्या झाकली गेली असून, तेथील खाणींच्या प्रदेशाचा युनेस्कोने २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला. चिखलाचे थर भूगर्भातील दाब व उष्णता यांमुळे रूपांतरित होऊन हा खडक बनतो. त्यातील अभ्रकासारखी चपटी खनिजे एकमेकांना समांतर रचली जात असल्याने छिन्नीच्या बेताच्या घावाने त्याचे पातळ तुकडे सुटतात. या गुणधर्माला पाटन म्हणतात.

कृत्रिम स्लेट मुख्यतः दोन प्रकारची असते: सिमेंटमध्ये तंतू मिसळून दाबलेली आणि प्लॅस्टिक किंवा रबरापासून साच्यात घडवलेली. पहिल्या प्रकारात पूर्वी ॲस्बेस्टॉसचे तंतू वापरत. ते फुप्फुसांना घातक ठरल्याने ब्रिटनने १९९९ मध्ये त्यावर संपूर्ण बंदी आणली. आजची कृत्रिम स्लेट एकसारख्या जाडीची, साधारणतः हलकी व स्वस्त असते. मात्र तिचा रंग उन्हापावसाने विटतो आणि प्लॅस्टिकच्या स्लेटबाबत आगीचा धोकाही तपासावा लागतो.

तथापि, दगड अस्सल असला म्हणजे तो टिकाऊ असतोच असे नाही. त्यात चुन्याचे कार्बोनेट अधिक असल्यास आम्लयुक्त पावसाने त्याचे जिप्सम होऊन स्लेट ठिसूळ होते, तर काही प्रकारचे लोहमाक्षिक गंजून डाग व भोके पडतात. बोटाच्या पेराने ठोकल्यावर चांगली स्लेट खणखणीत वाजते, तडा गेलेली बद्द आवाज करते. अर्धी पाण्यात उभी करून रात्रभर ठेवलेल्या स्लेटमध्ये पाणी रेषेच्या बरेच वर चढले, तर ती सच्छिद्र समजावी. युरोपीय मानक ईएन १२३२६ मध्येही पाणी शोषण्याची आणि सल्फर डायऑक्साइडला तोंड देण्याची क्षमता प्रयोगशाळेत तपासली जाते.

चांगला दगड शंभर वर्षांहून अधिक टिकतो, पण लोखंडी खिळे त्याआधीच गंजतात व धड स्लेटही घसरून पडते. म्हणून तांब्याचे खिळे वापरणे श्रेयस्कर असते. निवडीपूर्वी वासे व रिपा किती भार पेलतील हे पाहावे. लाकूडकाम हलके असेल किंवा बांधकाम थोड्या काळासाठी असेल, तर तंतू-सिमेंट पुरेसे ठरते; परंतु घर पुढील पिढ्यांसाठी असेल, तर किमतींची तुलना करताना परांची बांधून छप्पर पुन्हा घालण्याचा खर्चही कृत्रिम स्लेटच्या हिशेबात धरावा.