ठेकेदार युनियनच्या दारी का जातो?

आपल्या नाक्यावर ठेकेदार माणूस घेतो तो दंड बघून आणि मजुरी पाडून. मग जादा मजुरी मागणारा युनियनचा कामगार त्याने का घ्यावा? अमेरिकेतले कित्येक बांधकाम ठेकेदार घेतात, आणि ते काही दयेपोटी नव्हे.

तिथे वीजकामगारांची युनियन 1891 पासून आहे. ठेकेदाराने युनियनच्या हॉलला कळवायचे, अमुक दिवशी इतके वायरमन हवेत. माणसे हजर होतात, काम संपले की पुन्हा हॉलच्या यादीत जातात. रिकाम्या दिवसांचा बोजा ठेकेदारावर नाही. शिकाऊ पोराला सुमारे पाच वर्षे कामावर आणि वर्गात शिकवतात. ही शाळा युनियन व ठेकेदार मिळून चालवतात. चुकीची वायर उखडून पुन्हा ओढण्याचा खर्च वाचतो, तो ठेकेदाराला बरोबर कळतो. केंद्र सरकारच्या बांधकामावर तर 1931 च्या कायद्याने त्या भागातली चालू मजुरी द्यावीच लागते. तिथे स्वस्त माणूस शोधून काय साधणार?

मात्र बांधकामातल्या अनेक युनियनांनी काळ्या कामगारांना वर्षानुवर्षे दारातच अडवले, हे आम्ही विसरू शकत नाही. 1969 साली सरकारला फिलाडेल्फियात त्यासाठी योजना आणावी लागली.

आमच्या वस्तीतली पोरे अजून बघून बघूनच वायरिंग शिकतात. शॉक बसला तर त्या दिवसाचा खाडा.